बोटांचे ठसे कुणी पाठवायचे?

अमेरिकेत सामूहिक गोळीबार झाला की दोन बाजू आपापली ठरलेली वाक्यं घेऊन उभ्या राहतात. एक म्हणते, कायदे कडक करा. दुसरी म्हणते, नवे कायदे कशाला, आहेत ते आधी पाळा. एरवी मला पहिल्या बाजूचं पटतं. पण टेक्सासमधल्या सदरलँड स्प्रिंग्सच्या बाबतीत दुसऱ्या बाजूचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. फक्त कायदा न पाळणारा तिथे अमेरिकेचं हवाई दल निघालं.

5 नोव्हेंबर 2017. सॅन अँटोनिओच्या पूर्वेला असलेलं हे जेमतेम काहीशे वस्तीचं गाव, तिथलं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, रविवारची प्रार्थना. एका माणसाने रायफल घेऊन गोळीबार केला आणि 26 जीव गेले. त्यात एक न जन्मलेलं बाळही मोजलेलं आहे. मारेकरी हवाई दलातून काढून टाकलेला होता. त्याचं नाव जिथे नोंदलेलं असायला हवं होतं तिथे ते नव्हतं, त्यामुळे या लेखातही ते नसलं तरी चालेल.

हा माणूस न्यू मेक्सिकोमधल्या होलोमन हवाई तळावर नोकरीला असताना बायकोला मारहाण करायचा. तिच्या आधीच्या नात्यातून झालेल्या तान्ह्या मुलाची कवटी तडकेपर्यंत त्याने त्याला मारलं होतं. 2012 मध्ये कोर्ट मार्शल झालं, त्याने गुन्हा कबूल केला, बारा महिन्यांची कैद झाली आणि पुढे ‘बॅड कंडक्ट डिस्चार्ज’ देऊन, म्हणजे गैरवर्तनासाठी सेवेतून काढून, त्याला घरी पाठवण्यात आलं. त्याच वर्षी तो एका मनोरुग्णालयातून पळून गेला होता आणि वरिष्ठांना जीवे मारण्याच्या धमक्याही त्याने दिल्या होत्या. हे सगळं हवाई दलाच्या कागदांत होतं. अमेरिकेच्या कायद्यानुसार अशा माणसाला उभ्या आयुष्यात बंदूक विकत घेता येत नाही. एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकते अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांवरची बंदी 1968 पासून आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातल्या दोषींवरची बंदी 1996 मध्ये आली. न्यू जर्सीचे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांनी ती आणली म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. हा माणूस दोन्हींत बसत होता.

तरीही तो दुकानात गेला, फॉर्म भरला, दोषी ठरलो नाही असं लिहिलं आणि बंदूक घेऊन बाहेर पडला. एकदा नाही, सुटून आल्यावर त्याने परवानाधारक दुकानांतून रीतसर तपासणी होऊन चार बंदुका घेतल्या. त्यांतल्या तीन त्या रविवारी त्याच्याबरोबर होत्या.

तपासणी होते कशी, हे थोडं समजून घ्यावं लागेल. दुकानदार गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख वगैरे एफबीआयच्या यंत्रणेला कळवतो. या यंत्रणेचं नाव ‘निक्स’. 1993 च्या ब्रेडी कायद्यातून ती जन्मली आणि नोव्हेंबर 1998 मध्ये सुरू झाली. समोर बसलेला कर्मचारी संगणकावर तीन राष्ट्रीय नोंदसाठे चाळतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं उत्तर देतो. शंका असेल तर थांबायला सांगतो. पण कामकाजाचे तीन दिवस उलटून उत्तर आलं नाही, तर दुकानदार स्वतःच्या जबाबदारीवर विक्री करू शकतो. 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती याच फटीतून.

म्हणजे गिऱ्हाइकाची ‘पार्श्वभूमी तपासली’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात त्याची पार्श्वभूमी कुणी तपासत नाही. शेजाऱ्यांना विचारत नाही, बायकोला तर नाहीच. दुसऱ्या कुणीतरी आधी लिहून पाठवलेलं तेवढं वाचलं जातं. गुन्हेगारी नोंदींचा मुख्य साठा बोटांच्या ठशांवर उभा आहे. ठशांचं कार्ड गेलं नाही तर खटला झालाच नाही, असं त्या साठ्याचं म्हणणं. होलोमनच्या तपासनिसांनी ठसे पाठवायचे होते आणि निकाल लागल्यावर तोही कळवायचा होता. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी डिसेंबर 2018 मध्ये दिलेल्या अहवालात हिशोब मांडला आहे: ठसे पाठवण्याच्या चार संधी आणि निकाल कळवण्याच्या दोन, सगळ्या गेल्या. असं होण्यामागे पटण्याजोगं कारण काहीच नव्हतं, हेही त्यात नमूद आहे.

एका तळावरचा एक आळशी कारकून, असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण महानिरीक्षकांचाच आदल्या वर्षीचा, डिसेंबर 2017 चा अहवाल तसं म्हणू देत नाही. 2015 आणि 2016 या दोन वर्षांत सैन्याच्या चारही शाखांत मिळून झालेल्या 2,502 शिक्षा त्यांनी तपासल्या. 601 प्रकरणांत ठसे गेले नव्हते, 780 मध्ये अंतिम निकाल. भूदलात तर दहापैकी चार निकाल कळवलेच गेले नव्हते. आणि या सगळ्यांत सर्वांत बरी कामगिरी कुणाची? हवाई दलाची. तिथे चुकण्याचं प्रमाण होतं 14 टक्के. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाची ही गत.

याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने 1997 मध्येही हेच सांगितलं होतं. तेव्हा भूदल आणि नौदलातून दहापैकी आठांहून जास्त प्रकरणांत ठसे पोहोचत नव्हते. 2015 मध्ये पुन्हा सांगितलं. दरम्यान 2007 मध्ये व्हर्जिनिया टेकच्या विद्यापीठात 32 जणांची हत्या झाली. त्या मारेकऱ्याबद्दलचा न्यायालयाचा आदेशही नोंदसाठ्यात पोहोचलेला नव्हता, म्हणून ‘नोंदी नीट पाठवा’ असा कायदा झाला. सदरलँड स्प्रिंग्सनंतर मार्च 2018 मध्ये ‘फिक्स निक्स’ कायदा झाला. रिपब्लिकन जॉन कॉर्निन आणि डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांनी मिळून आणलेला. तो काय सांगतो? आधीच्या कायद्यांप्रमाणे नोंदी पाठवता की नाही, ते प्रत्येक खात्याने वर्षातून दोनदा लेखी कळवावं. कायदा पाळा असं सांगणारा कायदा, आणि तोही पाळला जावा म्हणून त्यावर आणखी एक कायदा.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्यासारखं फार नाही. आवक-जावकच्या रजिस्टरात फाइल अडकणं म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण मला हे प्रकरण निव्वळ दफ्तरदिरंगाईचं वाटत नाही. वीस वर्षं सांगूनही जे काम होत नाही, ते काम त्या संस्थेला मनातून आपलं वाटत नसतं. विमानाच्या देखभालीचा एक रकाना रिकामा राहिला तर याच हवाई दलात विमान धावपट्टीवर जात नाही. तिथली शिस्त आहे, मनुष्यबळ आहे, पैसा तर विचारूच नका. बायकोला मारणाऱ्याच्या बोटांचे ठसे मात्र राहून जातात. हा फरक कुठून येतो?

माझ्या मते तो येतो सैन्याच्या त्या जुन्या समजुतीतून की घरात जे घडलं ते घरातलं, आणि पलटणीत जे घडलं तेही एका अर्थी घरातलंच. म्हणजे मार खाणाऱ्या बाईभोवती दोन भिंती. एक नवऱ्याच्या घराची, दुसरी तळाची.

अमेरिकन सैन्यात कमांडर हा जवानाचा साहेब असतो, शिस्तीचा अधिकारी असतो, आणि कित्येक बाबतींत न्यायाधीशाच्या जवळ जाणारं अधिकारपदही त्याच्याकडेच असतं. मारहाणीची तक्रार आली तर त्याच्यापुढे अनेक वाटा असतात. ‘फॅमिली अ‍ॅडव्होकसी प्रोग्राम’ नावाची व्यवस्था आहे. ती समुपदेशन करते, समिती बसवते, घटना निकषांत बसते की नाही ते ठरवते. ते सगळं प्रशासकीय, गुन्ह्याच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. किंवा कमांडर आपल्या अखत्यारीत शिक्षा देऊ शकतो: पगार कापा, हुद्दा उतरवा, जादा काम लावा. ही शिक्षा झाली तरी तो माणूस कायद्याच्या लेखी दोषी ठरत नाही. सगळ्यांत खालच्या पातळीवरचं ‘समरी कोर्ट मार्शल’ झालं तरी लॉटेनबर्गची बंदी लागत नाही. कमांडर जवानाला ‘बायकोजवळ जायचं नाही’ असा लेखी हुकूम देऊ शकतो, पण तळाच्या फाटकाबाहेरचा पोलिस त्या हुकमावरून त्याला अटक करू शकत नाही. नागरी न्यायालयाच्या संरक्षण आदेशाने जी बंदूकबंदी येते, तीही त्याने येत नाही, कारण त्या हुकमामागे सुनावणी झालेली नसते.

अमेरिकन काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे ‘गाओ’ने, मे 2021 मध्ये एक अहवाल दिला. 2015 ते 2019 या पाच आर्थिक वर्षांत सैन्याच्या स्वतःच्या निकषांत बसलेल्या कौटुंबिक अत्याचाराच्या घटना 40,000 हून जास्त होत्या, आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश शारीरिक मारहाणीच्या. त्याच्या शेजारी वरचा आकडा ठेवून पाहा: दोन वर्षांत चारही शाखांत मिळून सर्व प्रकारच्या नोंदवण्याजोग्या शिक्षा 2,502. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही, वर्षं वेगळी, निकष वेगळे. तरी मधली दरी डोळ्यांत भरतेच. बहुतेक प्रकरणं ठसे पाठवण्याच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

जी येतात, त्यांचंही नाव भलतंच असायचं. सैन्याच्या दंडसंहितेत ‘कौटुंबिक हिंसाचार’ नावाचा स्वतंत्र गुन्हाच 2019 पर्यंत नव्हता. नवऱ्याने बायकोला मारलं तरी आरोपपत्रावर साधी ‘मारहाण’. दारूच्या गुत्त्यावर दोन जवान एकमेकांना भिडले तरी तोच शब्द. आता नोंद करणाऱ्याने कागदावरून ओळखायचं कसं की हा माणूस लॉटेनबर्गच्या यादीत जातो? 2018 च्या संरक्षण कायद्याने कलम 128-ब घातलं तेव्हा कुठे या गुन्ह्याला नाव मिळालं. बंदूकबंदीचा कायदा 1996 चा. मधली बावीस वर्षं सैन्य ज्या गुन्ह्यासाठी शस्त्र काढून घ्यायचं, त्याला गुन्हा म्हणून नाव न देताच चाललं होतं.

लॉटेनबर्ग दुरुस्तीचं एक वैशिष्ट्य आहे. बाकीच्या बंद्यांतून सरकारी कामासाठी दिलेलं शस्त्र वगळलेलं असतं. या बंदीतून ते वगळलेलं नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्या पोलिसाला कामावरही पिस्तूल बाळगता येत नाही आणि जवानाला रायफल हातात घेता येत नाही. म्हणजे नोकरी संपलीच. मला ही तरतूद मनापासून योग्य वाटते. पण तिचा उलटा परिणाम नाकारून चालणार नाही. शिक्षा इतकी टोकाची झाली की कमांडर ती टाळण्याच्या वाटा शोधू लागतात. ‘पोरगा कामाचा आहे, दोनदा युद्धावर जाऊन आलाय, एका थपडेसाठी त्याचं आयुष्य का उधळायचं?’ हे तर्कट वाईट माणसांचंच असतं असं नाही. चांगली, हाताखालच्या माणसांना जीव लावणारी माणसंही असंच बोलतात, आणि म्हणून ते जास्त धोक्याचं आहे.

बाईचीही तीच कोंडी. घर तळावरचं, दवाखाना सैन्याचा, मुलांची शाळा तिथली, कधी पोस्टिंग जर्मनीत किंवा ओकिनावात. नवऱ्याची नोकरी गेली की छप्परासकट सगळं जातं. नव्वदच्या दशकापासून अशा बायकांना बारा ते छत्तीस महिने भत्ता देण्याची सोय आहे, हे खरं. पण तो मिळायला सहसा नवरा त्याच कारणासाठी सेवेतून बाहेर पडायला हवा. आधी घर मोडा, मग मदत मागा. ‘तिनेच तक्रार मागे घेतली’ असं सांगणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडला आहे का, कुणास ठाऊक.

हे सगळं घरापुरतं राहत नाही. सदरलँड स्प्रिंग्सच्या चर्चमध्ये मारेकऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या माहेरची माणसं जात असत. सासूला त्याने धमकीचे संदेश पाठवले होते. त्या दिवशी ती तिथे नव्हती. बायकोची आजी होती, ती मेली. होलोमनच्या क्वार्टरमध्ये 2011 च्या सुमारास जे सुरू झालं होतं तेच इथे पोहोचलं होतं. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता सुमारे पाचपट वाढते, असं 2003 मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या अभ्यासातून पुढे आलं होतं. म्हणून कौटुंबिक हिंसाचाराची नोंद आणि बंदुकीची विक्री यांची सांगड हा कुणाचा स्त्रीवादी हट्ट नाही. पुढच्या गोळीबाराची सर्वांत लवकर मिळणारी सूचना तीच आहे.

मृतांच्या कुटुंबांनी सरकारवर दावा लावला. जुलै 2021 मध्ये सॅन अँटोनिओचे संघीय न्यायाधीश झेवियर रॉड्रिगेझ यांनी हवाई दलाला 60 टक्के जबाबदार धरलं. मारेकऱ्यापेक्षाही जास्त. हा माणूस काय करू शकतो हे सरकारइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच्या आईवडिलांनाही नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. फेब्रुवारी 2022 मध्ये भरपाई ठरली 23 कोटी डॉलरहून जास्त. सरकार अपिलात गेलं, आणि एप्रिल 2023 मध्ये 14 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड झाली.

त्या अपिलातला युक्तिवाद मला अजून पचलेला नाही. सरकारी वकिलांचं म्हणणं असं, की दुकानात नकार मिळाला असता तरी या माणसाने दुसरीकडून कुठून तरी बंदूक मिळवलीच असती. गुन्हेगाराला बंदूक मिळवायची असेल तर तो मिळवतोच, हे बंदूकवाल्या लॉबीचं लाडकं वाक्य. आणि ते उच्चारत होतं कोण? पार्श्वभूमी तपासणीने जीव वाचतात असं बाहेर सांगणारं बायडन सरकार. पैसे वाचवायची वेळ आली की आपल्याच कायद्यावरचा विश्वास उडतो.

त्या युक्तिवादात अर्धं तथ्य आहे हे मात्र कबूल करायला हवं. टेक्साससह अनेक राज्यांत एका खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकली तर तपासणी लागत नाही. ते भगदाड उघडंच आहे आणि ते बुजवायला काँग्रेसला जमलेलं नाही. पण हा माणूस तिकडे गेला नव्हता. तो उजळ माथ्याने दुकानात गेला होता, पुन्हा पुन्हा. बंदूकसमर्थक आणखी एक गोष्ट सांगतात, तीही खरी: चर्चबाहेर त्याला गोळी घालून पळवून लावणारा शेजारी स्वतःची रायफल घेऊन धावला होता. त्या शेजाऱ्याच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण तो धावला तोवर चर्चमध्ये जे व्हायचं ते झालं होतं.

न्यायालयांवर तरी किती विसंबायचं? न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को आणि फिलाडेल्फिया या शहरांनी डिसेंबर 2017 मध्ये संरक्षण खात्यावर दावा लावला, की नोंदी नियमित पाठवण्यावर न्यायालयाने देखरेख ठेवावी. 2019 मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. एखाद्या खात्याच्या रोजच्या कारभारावर न्यायाधीशांनी लक्ष ठेवत बसायचं नसतं, असा एकूण सूर. म्हणजे माणसं मेल्यावर भरपाई मागता येते, मरण्याआधी देखरेख मागता येत नाही. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की संरक्षण आदेश असलेल्या माणसाची बंदूक काढून घेणं राज्यघटनेच्या विरोधात नाही. त्यामुळे निदान तत्त्वाचा प्रश्न मिटला. उरलेला प्रश्न आहे पाठवण्याचा.

आपल्याकडे बंदुका कमी आहेत, परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तांकडून घ्यावा लागतो आणि जवानाची रायफल ड्यूटी संपली की कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा होते, त्यामुळे हे सगळं परग्रहावरचं वाटू शकतं. तरी 1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 13 एकदा वाचावं. पोलिस ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना देणारा अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो. कलम 9 मध्ये हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्यांना शिक्षा संपल्यावर पाच वर्षं मनाई आहे, पण 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ज्याच्याविरुद्ध संरक्षण आदेश निघालाय, त्याचा त्या यादीत उल्लेख नाही. अधिकाऱ्याला तो ‘अयोग्य’ वाटला तरच परवाना अडतो.

पुन्हा तिकडे. काही चांगलं घडलंय. 28 डिसेंबर 2023 पासून कौटुंबिक हिंसाचारासह अनेक गंभीर गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे कमांडर ठरवत नाही, स्वतंत्र विशेष वकिलांचं कार्यालय ठरवतं. ही माझ्या मते गेल्या तीस वर्षांतली सर्वांत मोठी सुधारणा आहे, ‘फिक्स निक्स’हूनही मोठी, कारण ती तळाची भिंत फोडते. पण ऑक्टोबर 2023 मध्ये मेन राज्यातल्या लुइस्टनमध्ये भूदलाच्या राखीव दलातल्या एकाने 18 माणसं मारली. तिथे प्रश्न मानसिक आजाराचा होता, बायकोचा नव्हता. तरी सांगाडा ओळखीचाच. त्याच्या युनिटला धोका माहीत होता, सैन्याने त्याला सैन्याची शस्त्रं वापरायला मनाई केली होती, आणि घरातल्या बंदुका घरातच होत्या.

मग काय करायला हवं? ‘फिक्स निक्स’मध्ये नोंदी न पाठवणाऱ्या खात्यांच्या राजकीय नेमणुकीच्या अधिकाऱ्यांचा बोनस रोखण्याची तरतूद होती, तीही 2019 ते 2022 या आर्थिक वर्षांपुरती. ठीक आहे, पण बोनस अडणार वॉशिंग्टनमध्ये आणि कार्ड होलोमनच्या टेबलावर. मला त्याहून साधी सूचना करावीशी वाटते. ज्या बाईने मार खाल्ला आणि साक्ष दिली, तिला निकालानंतर ठरावीक दिवसांत लेखी पोच मिळावी: तुमच्या नवऱ्याचे ठसे अमुक तारखेला पाठवले, निकाल अमुक तारखेला कळवला, एफबीआयकडून स्वीकार अमुक तारखेचा. पोच आली नाही तर तिने तळाबाहेरच्या एका कार्यालयाला कळवावं, आणि त्या कार्यालयाला फाइल मागवण्याचा अधिकार असावा. सैन्यात लेखापरीक्षक येतात दोन-चार वर्षांनी. त्या माणसाचं नाव यादीत गेलं की नाही याची काळजी रोज वाहणारी व्यक्ती त्या सगळ्या यंत्रणेत एकच आहे, आणि आजवर तिला कुणी काही कळवलेलं नाही.

यावर आक्षेप येईल की तिला कळवलं तर त्याला कळेल आणि तिचा धोका वाढेल. म्हणून पोच तिच्या वकिलाच्या किंवा तिने निवडलेल्या समुपदेशकाच्या पत्त्यावर जावी, आणि नको असेल तर तिने तसं लिहून द्यावं. पण हे ठरवणारी ती असावी; आज ते ज्याच्या टेबलावर कार्ड पडून राहतं तो ठरवतो.